जीटी-आर घ्यावी की 911?

(वाशी येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

निस्सान जीटी-आर आणि पोर्शे 911 टर्बो यांचं वैर पिढीजात आहे, त्यामुळे आधी थोडा इतिहास उरकून घेतो. मे 1964 मध्ये सुझुकाच्या ट्रॅकवर दुसरी जपान ग्रां प्री झाली. प्रिन्स नावाच्या जपानी कंपनीने आपल्या साध्या, घरगुती स्कायलाइनचं नाक 20 सेंटिमीटरने लांबवलं आणि त्यात आपल्याच मोठ्या गाडीचं सहा सिलिंडरचं इंजिन कोंबलं. समोर होती पोर्शेची 904, फायबरग्लासच्या बॉडीची, शर्यतीसाठीच जन्माला आलेली. शर्यत 904 नेच जिंकली. पण मध्ये एका फेरीला स्कायलाइन तिच्या पुढे होती. एकच फेरी! त्या एका फेरीच्या पुण्याईवर जपानी मोटारवाले पुढची कितीतरी वर्षं जगले म्हणा ना. 1966 मध्ये प्रिन्स निस्सानमध्ये विलीन झाली, 1969 मध्ये पहिली स्कायलाइन जीटी-आर आली आणि 1989 मध्ये तिची आर-32 ही पिढी. हिला ऑस्ट्रेलियातल्या पत्रकारांनी गॉडझिला हे नाव ठेवलं आणि तिने बाथर्स्टची शर्यत 1991, 1992 अशी लागोपाठ मारून ते सार्थ केलं.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट. मे 2024 पासून महाराष्ट्रात पोर्शे म्हटलं की आधी कल्याणीनगर डोळ्यांसमोर येतं. ती गाडी वेगळी, विजेवरची टायकॅन होती, पण दोन तरुण जीव गेले ते गेलेच. म्हणून सांगून ठेवतो, आज वेगाचं कौतुक होईल ते ट्रॅकवरच्या वेगाचं. रस्त्याचा विषय निघेल तेव्हा मी स्पीडब्रेकर आणि पार्किंगबद्दल बोलणार आहे, आणि खरं सांगू, निवड तिथेच होते.

आता 911 घ्या. हिचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे लटकलेलं आहे. पाठीमागे इंजिन आपल्याला अगदीच नवं नाही, टाटा नॅनोचंही मागेच होतं. पण नॅनोचं दोन सिलिंडरचं, 624 सीसीचं. इथे सहा सिलिंडर, त्यावर दोन टर्बो, म्हणजे इंजिनच्याच धुराने फिरून त्यात जादा हवा कोंबणारे पंखे, आणि गाडीच्या वजनाचा साधारण साठ टक्के भाग मागच्या चाकांवर. बैलगाडीत ओझं मागे जास्त झालं की ती उलळते, जू वर उचललं जातं. 911 च्या पुढच्या चाकांची तीच गत. फायदा असा, की जागेवरून उठताना वजन आणखी मागे सरकतं, चाकं जमीन घट्ट धरतात आणि गाडी न घसरता सुटते. ब्रेक मारतानाही मागची चाकं हलकी पडत नाहीत, चारही ब्रेक कामाला येतात. तोटा वळणावर. वळणात शिरलात, वेग जास्त वाटला म्हणून घाबरून ॲक्सिलरेटर सोडलात, की वजन पुढे झुकतं, मागच्या टायरांची पकड सुटते आणि ते जड इंजिन गाडीची शेपटी बाहेर भिरकावतं. नवशिक्याची सगळ्यात स्वाभाविक प्रतिक्रिया म्हणजे पाय उचलणे, आणि इथे तीच घातक.

त्यात 1974 च्या पॅरिस मोटार शोमध्ये पोर्शेने पहिली 911 टर्बो आणली. तीन लिटर, 260 अश्वशक्ती, चारच गिअर. त्या काळच्या टर्बोला जाग यायला वेळ लागायचा. वळणात तुम्ही पाय दाबलात तर आधी काहीच नाही, आणि मग ऐन नको त्या क्षणी सगळी ताकद एकदम मागच्या चाकांवर. तिला विधवा करणारी गाडी म्हणत, ते उगाच नव्हे.

शहाण्या माणसाने इंजिनची जागा बदलली असती. पोर्शेने ती बदलली नाही आणि अर्धं शतक त्या जागेचे दोष निस्तरण्यात घालवलं. 1995 च्या टर्बोत, म्हणजे 911 च्याच 993 या पिढीत, चारही चाकांना ताकद दिली. 2006 च्या 997 टर्बोत तर मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आली. टर्बोच्या आत, पंख्याभोवती, हलणारी पाती बसवली. इंजिन संथ असताना पाती मिटतात, धुराला फट लहान मिळते, तो जोरात घुसतो आणि पंखा लवकर फिरतो. इंजिन जोरात असताना पाती उघडतात. डिझेल गाड्यांत हे होतंच. पण पेट्रोलचा धूर डिझेलपेक्षा दोन-तीनशे अंशांनी जास्त तापतो, जवळजवळ हजार अंशांवर जातो. त्या भट्टीत न अडकता हलत राहतील अशी पाती बनवायला विमान-अवकाश क्षेत्रातला धातू आणावा लागला. पुढे मागची चाकंही वळू लागली. 50 च्या खालच्या वेगात ती पुढच्या चाकांच्या उलट दिशेने वळतात, 80 च्या वर त्याच दिशेने. आजची 911 टर्बो घाबरून पाय उचललात तरी सांभाळून घेते. म्हणजे मूळ खोड गेली नाही, वळण लागलं.

निस्सानने उलट केलं. ऑक्टोबर 2007 मध्ये टोकियोत आर-35 जीटी-आर दाखवली तेव्हा पाटी कोरी होती. मुख्य अभियंता काझुतोशी मिझुनो. त्यांनी 3.8 लिटरचं व्ही-6 इंजिन पुढे ठेवलं, गिअरबॉक्स उचलून मागच्या चाकांपाशी नेला. आता पंचाईत बघा. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे, आणि ताकद तर चारही चाकांना हवी. मग गाडीखाली दोन शाफ्ट आले. एक कार्बन फायबरचा, इंजिनची ताकद मागे गिअरबॉक्सकडे नेणारा. दुसरा तिच्यातला वाटा परत पुढच्या चाकांकडे आणणारा. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? वजन पुढे 53, मागे 47 असं राखता यावं म्हणून. गाडी 1,740 किलोची, स्पोर्ट्स कारच्या मानाने चांगलीच जाड, आणि मिझुनोंना त्याची लाज नव्हती. वजनामुळे टायर जमिनीवर दाबले जातात, असं त्यांचं म्हणणं. योकोहामाच्या कारखान्यात मोजके कुशल कारागीर एकेक इंजिन हाताने जुळवत. आणि डॅशबोर्डवरची आकडे दाखवणारी स्क्रीन? ती रेसिंगचे व्हिडिओ गेम बनवणाऱ्या पॉलिफनी डिजिटलने आखून दिली. मागे बसलेली कॉलेजची मुलं हसतायत, त्यांना कळलं.

किंमत ठेवली 77 लाख 70 हजार येन. अमेरिकेत साधारण 70 हजार डॉलर, तेव्हा 911 टर्बो तिकडे सव्वा लाख डॉलरच्या आसपास होती. दोघींची ताकद सारखीच, 480 अश्वशक्ती. जगभर खळबळ झाली ती यामुळे.

मग नुर्बुर्गरिंगचं ते प्रसिद्ध भांडण. जर्मनीतला हा ट्रॅक 20.8 किलोमीटरचा, डोंगरातून चढ-उतार करत जाणारा. एप्रिल 2008 मध्ये जीटी-आरने तिथे 7 मिनिटं 29 सेकंदांची वेळ लावली. पोर्शेच्या लोकांनी अमेरिकेत एक जीटी-आर विकत घेतली, नुर्बुर्गरिंगवरच पळवली आणि जाहीर केलं की आम्हाला 7 मिनिटं 54 सेकंद लागले. निस्सान म्हणाली, आमची गाडी शोरूममधल्यासारखीच होती. पंचवीस सेकंदांचा फरक! एवढ्यात ट्रॅकवर किलोमीटरभराहून जास्त अंतर पडतं. खरं कोण, यात मी पडत नाही. तेव्हा कंपन्या स्वतःच वेळ लावत आणि स्वतःच जाहीर करत. ड्रायव्हर, टायर, हवेतला गारवा, सगळ्याने सेकंद इकडेतिकडे होतात. पुढे 2013 मध्ये जीटी-आरच्या निस्मो या खास आवृत्तीने 7 मिनिटं 8 सेकंदांपर्यंत मजल मारली आणि अलीकडच्या हायब्रिड 911 टर्बो एसने 7 मिनिटं 4 सेकंदांच्याही आत. या आकड्यांवरून गाडी निवडणाऱ्याला मी एवढंच विचारतो, तुम्ही ऐरोलीच्या पुलावरून जाता की नुर्बुर्गरिंगवरून?

जपानी सरळ लोक, त्यांनी याचं उत्तर गाडीतच घातलं आहे. जपानात विकलेली जीटी-आर 180 च्या वर जातच नाही. मात्र आपण मान्यताप्राप्त रेस ट्रॅकवर उभे आहोत हे तिच्या जीपीएसला कळलं, की ती बंधन काढायची परवानगी देते. ट्रॅकच्या फाटकाबाहेर आलात, की पुन्हा लगाम. आपल्याकडे अटल सेतूवर मर्यादा 100 ची. हल्लीची टर्बो एस ते 100 गाठते 2.5 सेकंदांत, आणि उरतो 21 किलोमीटरचा पूल. पाम बीच रोडवर रविवारी पहाटे जे आवाज येतात ते ऐकून सीवूडसची मंडळी काय म्हणतात ते इथे सांगण्यासारखं नाही.

तेव्हा आपल्या रस्त्यावर या दोघी कशा वागतात ते बघू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे स्पीडब्रेकर 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद हवा. आपल्या सोसायट्यांच्या गेटवर उंची तेवढी किंवा जास्त असते, रुंदी मात्र हातभर. दोन्ही गाड्यांचं पोट जमिनीपासून साधारण अकरा सेंटिमीटरवर. 911 टर्बोला नाक उचलायची सोय घेता येते. बटण दाबलं की पुढची बाजू 4 सेंटिमीटर वर येते. शिवाय हनुवटीखालची पट्टी लवचीक रबराची आहे, हवा भरली की खाली उतरते, एरवी आत दुमडून असते. म्हणजे घासली तरी आधी रबर घासतं. जीटी-आरला कंपनीकडून अशी सोय नाही. मग सीवूडस काय आणि घोडबंदर काय, गाडी तिरकी घालायची, एकेक चाक चढवायचं, मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, वॉचमन हातवारे करून दिशा देतोय, आणि मालक कान लावून ऐकतोय की आता खरवडणार की नाही. पावणेपाचशे सेंटिमीटर लांब आणि एकशे नव्वद रुंद गाडी स्टॅक पार्किंगच्या पाळण्यात चढवणं हा आणखी वेगळा व्यायाम.

ट्रॅफिकमध्ये फरक आणखी उघडा पडतो. शिळफाट्याला दहाच्या वेगाने सरपटताना जीटी-आरच्या मागच्या सीटखालून खट्, घर्र, खट् असे आवाज येतात. बिघाड नसतो. गिअरबॉक्स तिथेच आहे, दोन क्लचचा आहे, आणि तो मंद वेगासाठी केलेलाच नाही. पोर्शेचा गिअरबॉक्सही दोन क्लचचाच, पण शिळफाट्याला तो बँकेत जाणाऱ्या गाडीसारखा गप्प राहतो. मागच्या सीटांबद्दल दोघींत डावंउजवं नाही. सातवीतलं मूल बसेल, त्याची आजी बसणार नाही.

आता पैशाचं. जीटी-आरचा सगळा युक्तिवाद एका वाक्यात मावत होता, की अर्ध्या किमतीत तेवढीच गाडी. आपल्याकडे तो टिकला नाही. परदेशात पूर्ण बनून आलेल्या महागड्या गाडीवर 100 टक्के सीमाशुल्क ही तेव्हा वर्षानुवर्षांची रीत होती. न्हावा-शेवाला उतरताना स्वस्त गाडीही महाग व्हायची. डिसेंबर 2016 मध्ये जीटी-आर भारतात आली, 570 अश्वशक्तीची, आणि एक्स-शोरूम किंमत होती 1 कोटी 99 लाख. जपानमध्येसुद्धा शेवटी शेवटी ती 1 कोटी 44 लाख येनवर गेली, म्हणजे सुरुवातीच्या जवळजवळ दुप्पट. आणि भारतात आली तेव्हा तिची खास देखभाल करणारं केंद्र एकच, नोएडाला. ठाण्यातल्या माणसाने ऑइल बदलायला ट्रेलरवर गाडी चढवून उत्तर प्रदेशात पाठवायची! पोर्शेचं सर्व्हिस सेंटर मुंबईत आहे. दोन कोटींच्या गाडीत मला हा मुद्दा नुर्बुर्गरिंगच्या पंचवीस सेकंदांपेक्षा मोठा वाटतो.

म्हणून माझं मत सरळ आहे. अभियांत्रिकीचा पराक्रम म्हणून मी जीटी-आरला वर ठेवतो. कोऱ्या पाटीवर, त्या किमतीत, अशी गाडी दुसऱ्या कोणी केलेली नाही. पण नवी मुंबईत राहून गाडी वापरायची असेल तर 911. आणि माझ्या खिशात पैसे असते तर टर्बोही नाही, 911 चीच साधी कॅरेरा घेतली असती. बॉडी टर्बोपेक्षा अरुंद, वजन कमी, आणि तिचीसुद्धा ताकद आपल्या रस्त्यांना पुरून उरते. समोरची दोन मुलं निराश झालेली दिसतायत, इलाज नाही.

ज्यांचा जीव तरीही जीटी-आरमध्येच अडकलाय त्यांच्यासाठी. ऑगस्ट 2025 मध्ये तिचं उत्पादन थांबलं, तेव्हा आता मिळेल ती वापरलेलीच. सुरुवातीच्या गाड्यांत लाँच कंट्रोल, म्हणजे जागेवरून सुसाट सुटायची सोय, वारंवार वापरून गिअरबॉक्स गेल्याची आणि मग वॉरंटीवरून वाद झाल्याची प्रकरणं अमेरिकेत गाजली होती. म्हणून गिअरबॉक्सचं ऑइल कधी, कुठे बदललं याची बिलं बघा. थंड गाडी सुरू करा, तासभर ट्रॅफिकमध्ये फिरवा, आणि गरम झाल्यावर पहिला-दुसरा गिअर कसा पडतो ते बघा. वापरलेली 911 घेणाऱ्यांनीही गाफील राहू नये. तिच्या इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा आणि केव्हा फिरवलं गेलं, याची नोंद राहते. सर्व्हिस सेंटरमध्ये मशीन लावलं की अर्ध्या पानाचा कागद निघतो. व्यवहाराची बोलणी तो कागद हातात आल्यावर करा. विकणारा म्हणाला की त्याची काय गरज आहे साहेब, तर चहा घ्या आणि घरी या.