डब्ल्यू-थ्रीने अ‍ॅली पॅलीला

(दृश्य : वुड ग्रीन स्थानकाबाहेरची सकाळ. लाल दुमजली बस थांब्याला लागते.)

लंडनच्या उत्तरेला, भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली लाइनवरच्या वुड ग्रीन स्थानकातून वर आलं की बाहेर डब्ल्यू-थ्री बस मिळते. कार्ड टेकवा, रोख पैसे इथे चालत नाहीत. जिना चढून वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा धरा, कारण बघण्यासारखं सगळं समोरच्या काचेतून दिसतं. दुकानं मागे पडतात, झाडी सुरू होते, बस चढणीला लागते. आणि एका वळणावर टेकडीच्या माथ्यावरची ती लांबलचक इमारत समोर येते.

अलेक्झांड्रा पॅलेस. इथले लोक लाडाने म्हणतात, अ‍ॅली पॅली.

नावात पॅलेस असलं, तरी इथे कुठलाही राजा कधी राहिला नाही. हा महाल बांधला तो सामान्य माणसाच्या करमणुकीसाठी. २४ मे १८७३ रोजी तो उघडला आणि त्याच दिवशी हायगेटकडून थेट त्याच्या पाठीशी येणारी रेल्वेही सुरू झाली. गर्दी लोटली. पण अवघ्या सोळा दिवसांत घुमटाच्या दुरुस्तीचं काम चालू असताना आग लागली आणि सगळं भस्मसात झालं. महाल गेला, तशी गाडीही बंद पडली. दोन वर्षांच्या आत, १ मे १८७५ रोजी, नव्याने बांधलेल्या महालात लोकांनी पुन्हा पाऊल ठेवलं. मला या जागेबद्दल पहिल्यांदा ओढ वाटली ती या जिद्दीमुळे.

(दृश्य : आग्नेय कोपऱ्यातला मनोरा, त्यावरचा लोखंडी मास्ट, म्हणजे प्रक्षेपणाचा उंच खांब.)

हा मास्ट नीट पाहा. २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीने आपली नियमित दूरचित्रवाणी सेवा इथूनच सुरू केली. ठिकाण टेकडीवरचं निवडलं ते उगाच नाही. अँटेना जितकी उंच, तितकी लहर दूरवर जाणार. पडद्यावरचं चित्र आडव्या रेषांनी बनतं, रेषा जितक्या जास्त तितकं ते स्पष्ट. सुरुवातीला दोन पद्धतींची चढाओढ होती : एक आठवडा संशोधक बेअर्ड यांची २४० रेषांची, दुसरा आठवडा मार्कोनी-ईएमआय कंपनीची ४०५ रेषांची. काही महिन्यांतच ४०५ रेषांनी बाजी मारली. दुसरं महायुद्ध आलं, प्रक्षेपण थांबलं, आणि हाच ट्रान्समीटर जर्मन विमानांना वाट दाखवणाऱ्या रेडिओ लहरींमध्ये गोंधळ माजवायला वापरला गेला.

१९८० साली पुन्हा आग. महालाचा मोठा भाग जळाला, आणि तो पुन्हा उभा राहिला. आज त्या दालनांत संगीताचे जलसे होतात, डार्ट्सची जागतिक स्पर्धा रंगते.

माझं मन मात्र रमतं ते पूर्वेकडच्या नाट्यगृहात. १८७५ चं हे रंगमंदिर सुमारे ऐंशी वर्षं प्रेक्षकांविना पडून होतं. काही काळ तर निव्वळ सामानाचं कोठार. डिसेंबर २०१८ मध्ये पडदा पुन्हा उघडला, तेव्हा जाणत्यांनी एक फार सुंदर निर्णय घेतला होता : भिंतींना नवा रंग द्यायचा नाही. उडालेले पोपडे, उघड्या विटा, फिकट नक्षी, सगळं जसंच्या तसं राखलं. नाटकाच्या ओढीने रात्र-रात्र जागणाऱ्या मराठी माणसाने तर इथे एकदा तरी बसावंच.

(दृश्य : महालासमोरचा कट्टा. खाली पसरलेलं लंडन.)

हे दृश्य पाहायला तिकीट लागत नाही. १९०० साली संसदेने कायदाच केला : ही बाग आणि हा महाल जनतेच्या मोकळ्या वापरासाठी कायमचा राखून ठेवायचा. म्हणून आज सेंट पॉल चर्चचा घुमट आणि शार्ड या गगनचुंबी इमारतीचं टोक शोधत कुणीही इथे तासभर बसू शकतं.

हायगेटकडून येणारी ती जुनी रेल्वे नंतर पुन्हा सुरू झाली होती, पण १९५४ मध्ये प्रवाशांसाठी कायमची बंद झाली. स्थानकाची छोटी इमारत महालामागे अजून उभी आहे. परत जाताना बस सोडा, पार्क उतरून खालच्या अलेक्झांड्रा पॅलेस स्थानकावरून मध्य लंडनकडे जाणारी गाडी घ्या. आणि पायांत जोर असेल, तर शेजारच्या मसवेल हिल या वस्तीच्या बाजूने निघा. रूळ उखडलेल्या त्या जुन्या मार्गाचा बराचसा भाग आता पायवाट झाला आहे. विटांच्या उंच पुलावर पोहोचलात की थांबा. घरांच्या छपरांवरून लंडन पुन्हा एकदा दिसतं.