डडिंग्स्टनचे चित्रकार धर्मगुरू

एडिनबर्गच्या आर्थर्स सीट या टेकडीच्या पायथ्याशी डडिंग्स्टन हे गाव आणि त्याला लागून एक तळे आहे. हेन्री रेबर्न यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध चित्रात या गोठलेल्या तळ्यावर स्केटिंग करणारे एक धर्मगुरू दिसतात, ते मात्र कॅननगेटच्या चर्चचे. डडिंग्स्टनचे स्वतःचे धर्मगुरू, रेव्हरंड जॉन थॉमसन, त्याच काठावर ब्रश घेऊन उभे राहत.

थॉमसन यांचा जन्म १७७८ साली एअरशायरमधील डेली येथे झाला. वडील तेथील धर्मगुरू होते आणि मुलानेही तोच मार्ग धरावा, अशी त्यांची इच्छा होती. एडिनबर्गला धर्मशास्त्र शिकत असताना थॉमसन महिनाभर अलेक्झांडर नॅस्मिथ या चित्रकाराकडे गेले, आणि त्यांचे औपचारिक कलाशिक्षण एवढ्यावरच संपले. १८०० साली वडिलांच्या जागी डेलीत त्यांची नेमणूक झाली. १८०५ मध्ये ते डडिंग्स्टनला आले आणि १८४० साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले.

स्कॉटलंडची राजधानी एडिनबर्ग जवळ असल्याने सहवासही तसाच लाभला. कादंबरीकार वॉल्टर स्कॉट हे त्यांच्या चर्चचे एल्डर, म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ सदस्य होते, तर चित्रकार टर्नर त्यांच्या घरी येऊन गेले होते. आपल्या चित्राची योग्य किंमत काय, हे मात्र थॉमसन यांना बराच काळ उमगले नव्हते. पहिल्यांदा पंधरा गिनी (जुने ब्रिटिश चलन) देऊ केल्या गेल्या, तेव्हा एवढी रक्कम घ्यावी की नाही या संकोचात ते पडले आणि हे चित्र त्याच्या तिप्पट मोलाचे आहे, हे एका चित्रकार मित्राला त्यांना समजावून सांगावे लागले, असे चरित्रकार सांगतात.

तळ्याकाठी एक अष्टकोनी मनोरा आहे. वास्तुविशारद विल्यम प्लेफेअर यांनी तो १८२५ मध्ये गावच्या कर्लिंग (बर्फावर दगड सरकवण्याचा खेळ) मंडळासाठी बांधला. खाली या खेळाचे दगड ठेवले जात आणि वरच्या खोलीत थॉमसन चित्रे काढत. या खोलीला त्यांनी ‘एडिनबर्ग’ असे नाव दिले होते, म्हणजे दारी आलेल्या मंडळींना ‘ते एडिनबर्गला गेले आहेत’ असे घरच्यांनी सांगितले तरी खोटे बोलल्याचा दोष लागत नसे. धर्मगुरूंनी शोधलेली ही पळवाट गावकऱ्यांना खरोखरच कळली नसेल, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

त्यांचा सर्वांत आवडता विषय म्हणजे बेरिकशायरच्या कड्यावरील फास्ट कॅसल हा पडका किल्ला. स्कॉट यांच्या १८१९ मधील ‘द ब्राइड ऑफ लॅमरमूर’ या कादंबरीतल्या किल्ल्याशी वाचक त्याचे नाते जोडतात. थॉमसन यांनी तो पुन्हा पुन्हा रंगवला. एडिनबर्गच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयातील चित्रात आपण कड्याच्या खाली, लाटांच्या पातळीवर उभे असतो. किल्ला उंचावर, खडकातूनच उगवल्यासारखा दिसतो. खडकांवरचा ब्रश रुंद आणि घाईचा आहे, बारकाव्यांत रमणारा नाही. नॅस्मिथ यांच्या नेटक्या, घोटीव शैलीशेजारी तो रांगडा वाटतो, परंतु स्कॉटलंडच्या समुद्राचा आणि वाऱ्याचा जोर त्यातच अधिक जाणवतो.

शिक्षणाच्या अभावाने हाताला जो मोकळेपणा दिला, त्याची किंमत कॅनव्हासने चुकवली. रंग टिकावा म्हणून काय करावे आणि काय टाळावे, हे कार्यशाळेत उमेदवारी करणाऱ्याला गुरूकडून आपसूक कळत असे. थॉमसन यांनी ते स्वतःच्या प्रयोगांवर सोडले. पीठ व्हिनेगरमध्ये उकळून ते कॅनव्हासचे अस्तर तयार करत, त्याला गमतीने लापशी म्हणत, आणि त्यावर डांबरापासून बनवलेला तपकिरी रंग चढवत. हा रंग ओला असताना खोल, उबदार दिसतो, पण पूर्णपणे कधीच वाळत नाही; वर्षे सरतात तसा तो आकसतो, काळवंडतो आणि पृष्ठभागाला रुंद भेगा पाडतो. त्यामुळे त्यांची अनेक चित्रे आज काढली तेव्हापेक्षा बरीच काळी दिसतात.

१८३० साली रॉयल स्कॉटिश अकॅडमीने त्यांना मानद सदस्यत्व दिले. धर्मगुरूपद न सोडलेल्या या माणसाला अखेरपर्यंत हौशी चित्रकारांतच गणले गेले, जरी त्यांच्या चित्रांना मागणी व्यावसायिकांना हेवा वाटावा अशी होती. मनोऱ्याची डागडुजी झाली असून तो आता डॉ. नील्स गार्डन या बागेचा भाग आहे.