नळीवरचा नंबर

नमस्कार, श्रोतेहो.

निवडणूक जाहीर झाली की कोकणातल्या कितीतरी घरांतली बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते. रानडुकरांपासून भात राखायचं म्हणून, पीक संरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली ही बंदूक. ठाण्यातला हवालदार ती उजेडात धरतो, तिच्यावरचा नंबर परवान्याशी ताडून पाहतो आणि मगच पावती देतो.

आमच्या घरच्या बंदुकीचा नंबर एके वर्षी वाचताच येईना. पावसाळी हवेने गंज धरायचा आणि काका दर दिवाळीआधी तो पॉलिश पेपरने घासून काढायचे. नळी चकचकीत झाली, पण शेवटचे दोन आकडे गेले. "त्यात काय, लोहाराकडून पुन्हा ठोकून घेऊ," काका म्हणाले. एवढा सरळ माणूस आणि असं सहज बोलून गेला, याची मला आजही धास्ती वाटते. म्हणूनच आज हा विषय घेतला.

शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ८ सांगतं की बंदुकीवरचं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण कुणीही पुसायची नाही, काढायची नाही, बदलायची नाही, बनावट करायची नाही. खूण नसलेली बंदूक विकायची नाही, दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही. इथपर्यंत कुणालाही पटेल. खरी गोम तिसऱ्या पोटकलमात आहे. बिननंबरची किंवा नंबर खरवडलेली बंदूक ज्याच्या ताब्यात सापडेल, त्यानेच तो नंबर घालवला असं कायदा गृहीत धरतो. एरवी गुन्हा शाबीत करायचं ओझं सरकारी पक्षावर असतं. इथे "मी हे केलं नाही" हे तुम्हाला दाखवून द्यावं लागतं. "आजोबांच्या वेळेपासून असंच आहे" एवढ्याने भागत नाही. हा कायदा १ ऑक्टोबर १९६२ ला लागू झाला, तेव्हा अशा जुन्या बंदुका बाळगणाऱ्यांना हे गृहीतक लागू होण्याआधी एक वर्षाची मुदत दिली होती. ती कधीच संपली.

एवढा कडकपणा कशासाठी? कारखान्याची वही, दुकानदाराची वही आणि परवाना यांना जोडणारा धागा म्हणजे हा नंबर. गुन्ह्याच्या जागी बंदूक सापडली की पोलीस त्या धाग्याने मागे मागे जातात. ती कुठे बनली, कुणी विकली, कुणाकडून चोरीला गेली, हे कळतं. गावठी कट्ट्याला मुळात नंबरच नसतो, आणि चोरलेल्या बंदुकीचा नंबर कानशीने उडवला की तीही कट्ट्याच्या पंगतीला जाऊन बसते. मग गोळी लागून ज्याचा जीव गेला, त्याच्या घरच्यांना उत्तर कुठून मिळायचं? २०१९ च्या दुरुस्तीने, नियमाप्रमाणे खुणा नसलेल्या शस्त्रांची ने-आण आणि खरेदी-विक्री अवैध व्यापारात धरली. त्याला किमान दहा वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. मला ही शिक्षा योग्य वाटते.

आणि कानस चालवली म्हणजे सगळं पुसलं, असंही नाही. नंबर ठोकताना घणाचा मार पोलादाच्या आत जातो. आकड्याच्या खालचे कण दबतात आणि तसेच राहतात. वरचा थर घासला तरी हा दाब खाली उरतो. न्यायसहायक प्रयोगशाळेत तो भाग आधी गुळगुळीत करतात, मग तांब्याचा क्षार घातलेलं आम्ल कापसाच्या बोळ्याने हळूहळू फिरवतात. दबलेला धातू आणि बाजूचा धातू यांवर आम्लाचा परिणाम सारखा होत नाही, त्यामुळे गेलेले आकडे पुन्हा उमटू लागतात. कधी ते क्षणभरच दिसतात, म्हणून लगेच फोटो घेतात. कानस खोलवर चालवली असेल किंवा वरून दुसरे आकडे ठोकले असतील, तर मात्र काम फार अवघड होतं.

लोहाराकडे जायचं नाही, ते याचसाठी. त्याने चांगल्या मनाने ठोकलेला आकडासुद्धा कायद्याच्या नजरेत बनावट ठरू शकतो, आणि खाली उरलेला खरा पुरावा त्या घणाखाली जातो. तुमच्या बंदुकीवरचा नंबर पुसट होत असेल, तर परवाना आणि खरेदीची पावती शोधून ठेवा आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवा. जिल्ह्यात हे काम जिल्हाधिकारी पाहतात, आयुक्तालयाच्या शहरांत पोलीस आयुक्त. नंबरावर पॉलिश पेपर फिरवू नका, तेलाचा बोळा पुरे.

काकांनी तसाच अर्ज केला. त्याची पोच त्यांनी परवान्याच्या पुस्तकातच टाचून ठेवली आहे.