अतिसारातले सार कोणते?

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीतील सहकारी, मराठी शाळेचे शिक्षक आणि मित्रहो,

१९९९ साली अमेरिकेतील राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धा नूपुर लाला या मुलीने ‘लॉगोरिया’ या शब्दावर जिंकली. लॉगोरिया म्हणजे अनावर बडबड. मंडळाच्या व्यासपीठावर चढलेल्या माणसाला हा विकार हमखास जडतो आणि फराळाची ताटे तर आताच भरली जात आहेत, म्हणून थेट विषयाकडे येतो.

आमची कन्या सातवीत आहे आणि विभागीय स्पर्धेची तयारी करते आहे. सध्या तिच्या वहीत एका विशिष्ट अक्षरसमूहाचे शब्द जमत आहेत: दोन ‘आर’ आणि त्यांना चिकटून एक ‘एच’. ऐकू यायला एकच ‘र’, लिहायला तीन अक्षरे. ग्रीकमध्ये ‘र्‍हेइन’ म्हणजे वाहणे, आणि जोडशब्दात स्वरानंतर आलेला तो ‘र’ दुप्पट होतो. म्हणून डायरिया म्हणजे आरपार वाहणे, सर्दीचे जुने नाव कॅटार म्हणजे खाली वाहणे, आणि पायोरिया म्हणजे पू वाहणे. हा शेवटचा शब्द तर आपली पिढी दंतमंजनाच्या जाहिरातींमुळे शाळेत जाण्याआधीच शिकली. मात्र तीच अक्षरे दिसली की अर्थही तोच, असे समजू नये. हेमरेजमध्ये ती आहेत, पण तिथले क्रियापद ‘फुटणे’ हे आहे. सिरोसिसमध्येही ती आहेत, आणि तिथे ना काही वाहते ना फुटते. लाएनेक या फ्रेंच वैद्याने १८१९ साली रोगट यकृताचा पिवळसर तांबूस रंग पाहून ते नाव दिले. हे सर्व मला मुलीने शिकवले. मी बारावीला जीवशास्त्र सोडले, त्याचे समर्थन आजवर गणिताच्या प्रेमाने करत आलो आहे.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे चार कुटुंबे जेवायला होती. एका स्नेह्यांनी पुण्याच्या मुक्कामात झालेल्या अतिसाराची कहाणी ऐन जेवणात सुरू केली. (भारतवारीचे वर्णन आपण पोटापासूनच का सुरू करतो, हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे.) पानात आमसुलाचे सार होते. मुलीने अगदी गंभीरपणे विचारले, “अतिसारातलं सार म्हणजे हेच का? फार प्यायलं की होतो?” सारे टेबल खदखदून हसले. कोणी तरी तो किस्सा लगेच व्हॉट्सॲपवर पाठवलासुद्धा. मी तिला इंग्रजीत समजावले आणि पोळी वाढायला उठलो. रात्री भांडी आवरताना ती म्हणाली, “बाबा, तिथे माइकसमोर मी पाच प्रश्न विचारले तरी कोणी हसत नाही. इथे मी एकच विचारला.”

तिचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. त्या स्पर्धेत मुलाला शब्दाचा अर्थ विचारता येतो, मूळ भाषा विचारता येते, शब्दाची जात, वाक्यातील उपयोग आणि दुसरा उच्चार असल्यास तोही विचारता येतो. २००३ पासून शब्द उच्चारून देणारे जॅक बेली हे स्वतः १९८० चे विजेते आणि ग्रीक-लॅटिनचे प्राध्यापक. समोरच्या मुलाने काहीही विचारले तरी ते शांतपणे, पूर्ण उत्तर देतात. १९८५ मध्ये बालू नटराजन जिंकले, तेव्हापासून आपल्या भारतीय घरांनी ही स्पर्धा जवळजवळ कुलाचारासारखी पाळली. २०१९ मध्ये आठ संयुक्त विजेते झाले, त्यांत सात भारतीय वंशाचे होते. २०२१ चा अंतिम शब्द ‘मुराया’ होता. ज्या कढीपत्त्याच्या कुंड्या आपण थंडी पडली की लेकरांसारख्या घरात घेतो, त्याच्या प्रचलित शास्त्रीय नावातला हा पहिला शब्द. तो अचूक सांगून लुईझियानाची झाइला आवाँ-गार्द जिंकली.

या कौतुकात मीही आहे. शनिवार-रविवारी गाडी हाकत मुलीला सराव स्पर्धांना नेणारा मीच, आणि पाहुण्यांसमोर तिला ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस’ म्हणून दाखवायला लावणाराही मीच. या शब्दात पंचेचाळीस अक्षरे आहेत. १९३० च्या दशकात शब्दकोड्यांच्या शौकिनांनी तो केवळ लांबीसाठी बनवला. धुळीतील सिलिकाने होणाऱ्या त्या फुप्फुसविकाराला डॉक्टर साधे सिलिकोसिस म्हणतात. आपल्याला पावकी-निमकी म्हणायला उभे करत, त्यातला हा प्रकार. मूल थांबले की आपण टाळ्या वाजवतो. अर्थ कोणी विचारत नाही.

त्या रात्री मी उशिरा संगणक उघडला. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याचा मराठी-इंग्रजी कोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. अतिसाराच्या मुळाशी संस्कृत ‘सृ’ धातू आहे, म्हणजे सरणे, वाहणे. वाटीतले सार निराळे. ते सत्त्वाचे, अर्काचे. ज्या वहीत ग्रीक ‘र्‍हेइन’ आहे, त्याच वहीत बसणारा प्रश्न तिने विचारला होता. सारखी अक्षरे दिसली म्हणून नाते असेल का, हेच ती तपासत होती, आणि हेमरेजबाबत तिने जे केले तेच इथे करत होती. मोल्सवर्थने असेच प्रश्न विचारत विचारत १८३१ मध्ये कोश काढला आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्द साठ हजारांवर नेले. आपले शास्त्रीपंडित त्याच्या उच्चारांना मनातल्या मनात हसलेही असतील, पण त्यांनी उत्तरे दिली.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, तेव्हा मंडळाने पेढे वाटले. ते योग्यच झाले. परंतु ‘ती पाणी’ म्हणणाऱ्या, ‘ळ’ चुकवणाऱ्या मुलांच्या नकला आपण याच सभागृहात, याच माइकवर केल्या आहेत आणि त्यांवर पोट धरून हसलो आहोत. माझी कार्यकारिणीला विनंती आहे की येत्या सत्रात मराठी शाळेत एक तास असा ठेवावा, ज्यात प्रश्न मुले विचारतील, उत्तरे पालक देतील, आणि ती मराठीतूनच देतील. पहिल्या तासाला मी येतो. ‘सार’ या शब्दाचा अर्थ इंग्रजीची मदत न घेता सांगण्याचा मी घरी सराव करतो आहे आणि दुसऱ्या वाक्यातच अडखळतो आहे.

आठवी संपली की तिची स्पर्धा संपेल. त्या जेवणानंतर तिने मला एकाही मराठी शब्दाचा अर्थ विचारलेला नाही. ती स्वतःच कोशात पाहू लागली आहे, की तिने विचारणेच सोडले आहे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.