आधी फावडं, मग फॉर्म

(दृश्य: टिळकवाडी, बेळगाव, संध्याकाळ. रस्त्याकडेला एक टेबल, मागे बॅनर.)

बॅनरवर लिहिलंय, 'सभासद नोंदणी सुरू आहे'. वर कानडीत, खाली मराठीत. टेबलावर फॉर्मांचा गठ्ठा आहे, आणि तो वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर पाण्याची बाटली. दोन ज्येष्ठ सभासद खुर्च्या टाकून बसलेत. बऱ्याच वेळात एकच माणूस टेबलापाशी थांबला, त्यालाही गॅस एजन्सीचा पत्ता हवा होता.

याच रस्त्यावर थोडं पुढं गणपतीच्या मांडवाचं काम चाललंय. कुणी बांबू उचलतंय, कुणी सुंभ आवळतंय, कुणी बंद पडलेल्या जनरेटरशी झगडतंय. दिवसभर उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर उभी राहिलेली, नाहीतर दुकानात गिऱ्हाईक सांभाळून आलेली ही पोरं. यातल्या एकानंही कुठला फॉर्म भरलेला नाही.

'आजकाल माणसं मिळत नाहीत' ही रोटरी, लायन्ससारख्या सेवा क्लबांची जुनी तक्रार. बेळगावात कॅमेरा जरा डावीकडं वळवला तरी ती टिकत नाही.

ज्या क्लबाबरोबर आम्ही हा माहितीपट केला, त्याचं नाव पडद्यावर येणार नाही. "नाव आलं की जाहिरात होते," असं त्यांच्या सेक्रेटरींचं म्हणणं. मानलं. शहराच्या दक्षिणेला, खानापूर रस्त्याच्या बाजूला त्यांचं काम चालतं, एवढं पुरे.

(दृश्य: झेंडा चौक, मार्केट.)

२३ फेब्रुवारी १९०५. शिकागोत पॉल हॅरिस नावाचा वकील तीन ओळखीच्या माणसांना घेऊन बसला. एक खाण अभियंता, एक कोळशाचा व्यापारी, एक शिंपी. पुढं ही मंडळी आळीपाळीनं एकमेकांच्या ऑफिसात जमू लागली, आणि त्यातून रोटरी उभी राहिली. लायन्स आले १९१७ साली, तेही शिकागोतूनच. आणि इकडं झेंडा चौकातलं सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ आपली स्थापना सांगतं तीही १९०५ ची, लोकमान्यांच्या प्रेरणेनं. एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. पण बेळगावात आज त्या शेजारी शेजारी नांदतात, आणि एकीकडं माणसं मावत नाहीत तर दुसरीकडं खुर्च्या रिकाम्या राहतात.

(दृश्य: काँग्रेस विहीर, वीरसौध.)

स्वयंसेवक ही गोष्ट या शहराला नवी नाही. डिसेंबर १९२४ मध्ये इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं. महात्मा गांधी ज्याचे अध्यक्ष होते असं हे एकमेव अधिवेशन. स्वागताध्यक्ष होते गंगाधरराव देशपांडे. पाण्यासाठी ही विहीर खणली गेली. फोटो काढायला लोक येतात ते विहिरीचा. आम्हाला मात्र रस होता तो त्यावेळच्या भरतीत.

डॉ. ना. सु. हर्डीकरांनी आदल्याच वर्षी, १९२३ साली, काकीनाड्याच्या अधिवेशनात हिंदुस्तानी सेवा दल ही स्वयंसेवकांची संघटना सुरू केली होती. बेळगावसाठी माणसं जमवताना त्यांच्याबरोबर होत्या उमाबाई कुंदापूर. उमाबाई गावोगाव फिरल्या, घरोघरी जाऊन बसल्या, आणि ज्या काळात बाईनं एकटीनं उंबरा ओलांडणं ही चर्चेची बाब होती, त्या काळात त्यांनी स्वयंसेविकांचं पथक उभं केलं. त्यात विधवाही होत्या. आणि छावणीतलं सगळ्यात नकोसं काम, संडासांची आणि परिसराची स्वच्छता, त्यात काका कालेलकर स्वतः उतरले होते.

म्हणजे भरतीची पद्धत शंभर वर्षांपूर्वी इथं पार पडून गेलीय. माणसाच्या दारात जायचं, नेमकं काम सांगायचं, आणि घाणीत आपला हात आधी घालायचा. टेबल मांडून बसायची कल्पना कुठून आली, देव जाणे.

(दृश्य: हॉटेलातला हॉल. पदग्रहण समारंभ.)

आली कुठून, ते या हॉलमध्ये थोडं कळतं. सेवा क्लबांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. दरवर्षी नवा अध्यक्ष, नवा सेक्रेटरी, नवा हार. अध्यक्षाला बारा महिने मिळतात, आणि वरून विचारणा होते ती आकड्यांची: सभासद किती वाढले? मग मे-जूनमध्ये धावपळ सुरू होते. मेहुणा, शेजारी, दुकानाचा मालक, ज्याच्याकडून प्रिंटिंग करून घेतो तो, सगळ्यांच्या सह्या. "नुसतं नाव द्या हो, बाकीचं मी बघतो की." जुलैत कोटाला क्लबाची पिन लागते, फोटो निघतो. दिवाळीपर्यंत यातले निम्मे चेहरे दिसेनासे होतात.

कागदावरचा सभासद फुकटचा असतो असं बाहेरच्याला वाटतं. तसं नाही. आंतरराष्ट्रीय संस्थेला दरडोई वर्गणी पाठवावी लागते. रोटरीत ती जुलै आणि जानेवारी अशी दोनदा आकारली जाते, डॉलरमध्ये ठरलेली. न येणाऱ्या माणसाचे पैसे शेवटी येणाऱ्यांच्या खिशातून जातात. खजिनदारांना हे पाठ असतं. हार घालणाऱ्यांना नसतं.

दुसरी अडचण वेळेची. सभा आठवड्याच्या मधल्या वारी, रात्री आठला, हॉटेलात, जेवणासकट. डॉक्टर, वकील, बिल्डर यांना ते जमतं. मच्छ्याच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला असलेल्या फिटरला नाही जमत, आणि जेवणाचा खर्चही परवडत नाही. दर आठवड्याला सभा झालीच पाहिजे हा रोटरीचा नियम २०१६ साली सैल झाला, महिन्यातून दोनदा जमलं तरी चालतं. तरीही अनेक ठिकाणी सवय सुटलेली नाही. बुफे सुटत नाही, असंही म्हणता येईल.

(दृश्य: येळ्ळूरचा रस्ता, मागे राजहंसगड.)

सीमाभागात आणखी एक दार उघडावं लागतं. इथं कुठल्याही संस्थेचा माणूस गावात गेला की चहा येण्याआधी प्रश्न येतो.

"तुमच्या मागं कोण हाय?"

म्हणजे कुठला पक्ष, कुठला पुढारी, मराठीवाले की कानडीवाले. १९५६ पासून ज्या गावांनी मोर्चे, खटले, फलक, शाळा यांचं राजकारण पाहिलंय, आणि ज्यांच्यासाठी महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्यांनी हा प्रश्न विचारला तर त्यात गैर काय? त्याला 'आम्ही अराजकीय आहोत' हे उत्तर पुरत नाही. ते सगळेच सांगतात, आणि पंचायतीच्या निवडणुकीआधी क्लबात शिरून निवडणुकीनंतर गायब होणारेही गावानं पाहिलेत.

या क्लबानं दोन साधे नियम केले. कार्यक्रमाच्या व्यासपीठावर निवडणूक लढवणारा किंवा लढवू पाहणारा माणूस बसणार नाही. आणि प्रत्येक पत्रक दोन्ही भाषांत निघेल, एकाच आकाराच्या अक्षरात. दुसऱ्या नियमावर आतच कुरकुर झाली. मराठी जास्त हवी म्हणणारे होते, कानडी आधी हवी म्हणणारेही. शेवटी सभेत कोण काय बोलतो यावर बंधन नाही असं ठरलं. आता तिथं एकजण कानडीत सुरू करतो, दुसरा मराठीत उत्तर देतो, इतिवृत्त भलत्याच तिसऱ्या भाषेत लिहिलं जातं, आणि कुणाचं काही अडत नाही.

गंमत म्हणजे रोटरीचा ३१७० क्रमांकाचा प्रांत (डिस्ट्रिक्ट) कोल्हापूर, बेळगाव आणि गोवा यांना एकत्रच धरतो. सीमारेषा त्याच्या पोटातून जाते.

(दृश्य: कृष्णेचा पूर, संग्रहातील चित्रण.)

ऑगस्ट २०१९. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा, सगळ्या एकदम चढल्या. चिकोडी, अथणी, रायबाग, गोकाक, निपाणी, सगळीकडं पाणी. पलीकडं कोल्हापूर-सांगलीत तेच, आणि पुणे-बंगळूर महामार्ग बंद. बेळगाव शहरातही घरांत पाणी शिरलं होतं.

त्या दिवसांत कुणी कुणाला सभासद केलं नाही. मंगल कार्यालयांत चुली पेटल्या. बायका भाकऱ्या थापत होत्या, पोरं टेम्पोत बसून निघत होती. कल्लोळ, यडूर, मांजरी ही नावं ज्यांनी फक्त एसटीच्या पाटीवर वाचली होती, ती पोरं तिथल्या चिखलात गुडघाभर उतरली.

मदत सगळीच कामाची होती असं नाही, हेही सांगायला हवं. जुन्या कपड्यांचे ढीग आले आणि कोपऱ्यात कुजत पडले, कारण चार दिवस पाण्यात काढलेल्या बाईला कुणाची तरी फाटकी जरीची साडी नको असते. तिला कोरडी चादर हवी होती, सॅनिटरी पॅड हवे होते, तापाची गोळी हवी होती. जनावरांना चारा हवा होता. पोरांच्या वह्या-पुस्तकांचा लगदा झाला होता. पाणी ओसरल्यावर खरं काम सुरू झालं: घरातला गाळ काढायचा, विहिरी उपसून त्यांत ब्लीचिंग पावडर टाकायची. तोवर कॅमेरे परत गेले होते.

या क्लबातल्या एका निवृत्त शिक्षकानं तेव्हा एक काम केलं. टेम्पो भरत असताना ते दारात वही घेऊन उभे राहायचे. चढणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे: नाव, गाव, फोन, आणि काय येतं? कुणी वेल्डर, कुणी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची, कुणाकडं बोलेरो, कुणाला पोहता येतं. बाकी सगळे भाकऱ्या मोजत असताना ते माणसं नोंदवत होते. लोक हसले त्यांना. "मास्तर, हजेरी काय घ्यालाय?"

२०२१ च्या जुलैत यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी पुन्हा महामार्गावर आलं, तेव्हा ती वही उघडली. फोन केले. बहुतेकांनी उचलले. आणि पाणी उतरल्यावर मास्तरांनी पुन्हा फोन केले, यावेळी पूर नसताना: रविवारी एका मराठी शाळेचं पत्र्याचं छप्पर बसवायचंय, वेल्डिंग मशिन तुझं, सळ्या आमच्या.

फॉर्म कुठंच नव्हता. तिसऱ्यांदा आलेल्या माणसाला मास्तर म्हणायचे, "आता सभेलाही येऊन बघ की एकदा." आज क्लबात जे तरुण आहेत, त्यातले बहुतेक या वहीतून आलेत. आम्हाला विचाराल तर या माहितीपटात सांगण्यासारखं जे काही आहे ते या वहीत आहे, बाकी पूरक.

(दृश्य: गावातल्या समाजमंदिरात रक्तदान शिबिर.)

वहीची पुढची पानं रक्तदात्यांची. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५. पुरुषानं पुन्हा द्यायचं तर ९० दिवसांनी, बाईनं १२० दिवसांनी. शिबिर म्हणजे जयंतीच्या दिवशी रांग लावून प्रमाणपत्रं वाटणं, हा सर्वत्र रुळलेला प्रकार. त्यात एक घोळ आहे. तांबड्या पेशी जेमतेम ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट तर पाचच दिवस. एकाच दिवशी बाटल्यांचा ढीग झाला तर महिन्या-दीड महिन्यानंतरच्या बाळंतिणीला त्याचा काय उपयोग?

म्हणून इथं शिबिरं लहान आणि विखुरलेली. यादी सांभाळते एक कॉलेजची मुलगी, बी.कॉमच्या शेवटच्या वर्षाची. कुणाचे ९० दिवस कधी भरतात ते तिच्या मोबाइलमध्ये असतं, आणि रात्री अकराला रक्तपेढीतून फोन आला तर तीच सांगते कुणाला उठवायचं. तिचं वजन ४५ किलोच्या खाली आहे, त्यामुळं तिला स्वतःला अजून एकदाही रक्त देता आलेलं नाही. याचा तिला राग आहे.

तिला क्लबात आणलं तेव्हा एक जुने सभासद म्हणाले होते, "वडलांना विचारून घ्या." तिनं उत्तर दिलं, "काका, वडलांना विचारलंय. ते म्हणाले, त्यांना सभासद व्हायचं नाही." रोटरीनं बायकांना दार उघडलं १९८९ साली, लायन्सनी १९८७ साली. उमाबाई त्याच्या साठ-पासष्ट वर्षं आधी बेळगावात पथक घेऊन उभ्या होत्या. आजही कितीतरी ठिकाणी बाई क्लबात येते ती 'सौ.' म्हणून, हळदीकुंकवाच्या व्यवस्थेपुरती. गावातल्या बचत गटांच्या अध्यक्षा, अंगणवाडीच्या ताई यांना कुठलं घर अडचणीत आहे हे तलाठ्याच्या आधी कळतं. त्यांना थेट त्यांच्या नावानं निमंत्रण जायला हवं. या क्लबानं गेल्या वर्षापासून ते सुरू केलंय, उशिरानं का होईना.

(दृश्य: शाळेचा व्हरांडा, सकाळ. सभा.)

हॉटेल सुटलं. सभा आता महिन्यातून दोनदा, रविवारी सकाळी साडेसातला, शाळेच्या व्हरांड्यात. चहा आणि पोहे. दुसऱ्या पाळीचा फिटरही येतो, आणि नऊपर्यंत मोकळा होऊन शेताकडं जातो.

आजच्या सभेत एकच विषय गाजतोय. वर्षाची वर्गणी एकदम घ्यायची की महिन्याच्या हप्त्यानं? तरुण सभासदांना हप्ते हवेत. जुन्यांचं म्हणणं, हप्ते केले की वसुलीला माणूस लावावा लागेल आणि संस्थेची भिशी होईल. खजिनदार दोन्हीकडं मान हलवतायत. मास्तर वही मिटून गप्प बसलेत. मग कुणीतरी विचारतं, खानापूरकडच्या शाळेत नेत्रतपासणीला पुढच्या रविवारी किती गाड्या लागतील, आणि वर्गणीचा विषय पुढच्या सभेवर जातो. गेल्या सभेतही तो असाच गेला होता.