पस्तीस हजार फुटांवरची पंगत

मित्रहो, समोर हॉटेल व्यवस्थापनाचे विद्यार्थी बसले आहेत आणि मागच्या रांगांत मुलांकडे परदेशी निघालेले आई-वडीलही दिसताहेत. दोघांच्याही उपयोगाचं बोलायचं आहे. चिकलठाणा विमानतळावरून मुंबई किंवा दिल्ली, तिथून पुढे पंधरा-सोळा तासांचं एकच उड्डाण, हा प्रवास आता छत्रपती संभाजीनगरातच नव्हे, तर बीड-परभणीच्याही अनेक घरांना ओळखीचा झाला आहे. त्या तासांत माणसाला बरं वाटतं की नाही, हे माझ्या मते मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरतं: काय, केव्हा समोर आलं. पंगतीतला चांगला वाढपी मागण्याची वाट पाहत नाही. भात संपत आला की त्याचा हात वरणाच्या पातेल्याकडे गेलेला असतो. विमानातली सेवाही तशीच ओळखावी.

आधी हवेचं समजून घेऊ. विमान पस्तीस हजार फुटांवर असलं तरी आतला दाब साधारण ६,००० ते ८,००० फुटांवरच्या हवेइतका ठेवतात. बोईंग ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये तो ६,००० फुटांच्या जवळ असतो. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे जेवणाचं ताट येतं तेव्हा आपण महाराष्ट्राच्या सर्वांत उंच शिखराहूनही वर बसलेलो असतो. हवेतला ओलावा बहुतेक विमानांत वीस टक्क्यांच्याही खाली जातो. नाक कोरडं पडतं, वास कमी येतो, आणि वास गेला की चव गेली. त्यात इंजिनाचा ८०-८५ डेसिबलचा अखंड आवाज. लुफ्तान्झा या विमान कंपनीसाठी जर्मनीतल्या फ्राउनहोफर संशोधन संस्थेने जमिनीवरच कमी दाबाच्या कक्षात चवीच्या चाचण्या घेतल्या. त्यांत दिसलं की मीठ आणि साखर फिकी लागते, पण आंबट चव आणि मसाले बऱ्यापैकी टिकतात. टोमॅटोचा रस जमिनीवर न आवडणारेही विमानात तो मागतात, त्यामागे चवीतला असाच बदल असतो.

विद्यार्थ्यांनो, यातून पदार्थ निवडायला शिका. विमानातलं अन्न जमिनीवरच्या स्वयंपाकघरात शिजतं, लगेच ब्लास्ट चिलरमध्ये पाच अंशांच्या खाली थंड होतं, आणि वर गेल्यावर गॅलीतल्या, म्हणजे विमानातल्या छोट्या स्वयंपाकघरातल्या, ओव्हनमध्ये वीस-पंचवीस मिनिटं पुन्हा तापतं. तळलेलं या प्रवासात मऊ पडतं, पोळी चामट होते, भाकरीचा तर विचारच नको. रसदार पदार्थ मात्र तरतो. आपली येसराची आमटी घ्या: भाजलेला मसाला, चिंचेचा आंबटपणा, भरपूर रस. उंचावर टिकणारं सगळं तिच्यात आहे. फक्त ती जमिनीवर असतानाच जरा पातळ ठेवावी लागेल, कारण तापताना ती आटते. पिठलं या कामाचं नाही, ते गोळा होऊन बसेल. भाताचा डबा भरताना वर चमचाभर पाणी शिंपडतात आणि फॉइलची कड नीट दाबतात. कड उघडी राहिली की कडेचे दाणे खडखडीत होतात. प्रवासी म्हणतो भात शिळा होता. तो शिळा नसतो, झाकण सैल असतं.

पोटाचंही पाहा. ८,००० फुटांच्या दाबाला आतड्यातली हवा सुमारे एक तृतीयांशाने फुगते. म्हणून चवळी, कोबी, सोडा हे लांबच्या उड्डाणाच्या मेनूवर येऊ देऊ नका. चहाची गोष्ट वेगळी. या दाबाला पाणी ९२ ते ९४ अंशांनाच उकळतं, त्यामुळे पिशवीचा चहा हवा तसा उतरत नाही. आपल्याला तर उकळलेला चहा लागतो! त्यापेक्षा मसाला चहाची तयार पूड बरी लागते.

आता मागे बसलेल्या काका-काकूंसाठी. शाकाहारी जेवण तिकिटाबरोबरच नोंदवा, किमान २४ तास आधी, काही कंपन्यांत त्याहूनही आधी. नुसतं 'व्हेज' म्हणू नका, जेवणाच्या प्रकाराचा चार अक्षरी कोड विचारा. एव्हीएमएल म्हणजे भारतीय पद्धतीचं शाकाहारी. व्हीजीएमएल म्हणजे दूध-दहीही नसलेलं, बहुधा उकडलेल्या भाज्या. व्हीएलएमएलमध्ये अंडं असू शकतं, आणि घोटाळा इथेच होतो. जैन जेवणाला व्हीजेएमएल, मधुमेहींना डीबीएमएल. हे ताट बहुधा ट्रॉलीच्या आधी येतं, त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही आपलं जेवण नक्की मिळतं. जेवणाआधीचं इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र ताट समोर आल्याशिवाय सुई टोचू नये. विमान हवेत हादरू लागलं की सेवा थांबते आणि जेवण तासभरही लांबू शकतं.

वेळेकडे येतो. मुंबईहून पश्चिमेला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. उड्डाणानंतर तासाभराने पूर्ण जेवण वाढलं, तर पहाटे तीनला गाढ झोपेतल्या माणसाला उठवून ताट द्यावं लागतं. त्याऐवजी आधी हलकं काही आणि पाणी द्या, दिवे मंद करा, मोठं जेवण मागे ढकला. ट्रॉली दोन्ही टोकांनी सुरू करा, नाहीतर निवडीचा पदार्थ नेमका मागच्या दहा रांगांपुरता संपतो. आणि रिकामी ताटं लवकर उचला, हे मी फार मनापासून सांगतो. समोर ताट असलं की माणूस उठू शकत नाही, झोपू शकत नाही, खिडकीजवळचा तर पुरता अडकतो. ताट वाढायला दहा मिनिटं उशीर झाला तर लोक खपवून घेतात, उचलायला अर्धा तास लागला की चिडतात.

दिवे मंद असताना दर तासाला पाण्याचे पेले घेऊन एक फेरी व्हायलाच हवी. कोरड्या हवेत तहान आधी जाणवत नाही, मग डोकं दुखतं. आमच्याकडची वडीलधारी माणसं बटण दाबून पाणी मागायला संकोचतात. त्यांच्या ओळीशी थांबा, वाकून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बोला, म्हणजे आवाजातही ऐकू जातं. स्वच्छतागृहाचं घडीचं दार मधोमध ढकलायचं असतं, हे एकदा दाखवा. कित्येक जण बाहेर ओढत बसतात आणि लाजून परत जागेवर येतात. फ्लशचा आवाज दचकवणारा असतो, तेही आधीच सांगा. या दोन वाक्यांनी आजींचे पंधरा तास सोपे होतात, कारण त्या मग पाणी प्यायला घाबरत नाहीत.

उतरण्याआधीचा नाश्ता दोन-अडीच तास आधी सुरू करा. दिवे एकदम लावू नका, टप्प्याटप्प्याने वाढवा. नाश्ता उशिरा निघाला तर ताटं उचलणं, स्वच्छतागृहाची रांग आणि पट्टे बांधण्याची सूचना एकाच वेळी येतात. तेव्हा मधल्या जागेवर अडकलेल्या आजोबांना उठता येत नाही.