पथ्याच्या ताटातील वरण-भात

श्रोतेहो,

आहारतज्ज्ञाने आखून दिलेला तक्ता बहुतेक घरांत पहिले काही दिवस काटेकोरपणे पाळला जातो आणि मग एखाद्या पावसाळी संध्याकाळी, किंवा दिवसभर दमून घरी आल्यावर, मोडतो. तो मोडतो तेव्हा माणूस काय खातो, हे पाहण्यासारखे असते. अशा वेळी नवा, परका पदार्थ क्वचितच कोणी शोधतो. हात जातो तो तूप घातलेल्या वरण-भाताकडे, पिठले-भाकरीकडे, साबुदाण्याच्या खिचडीकडे, नाही तर कोपऱ्यावरच्या गरम वड्याकडे. तक्त्याने ज्यांना पुढच्या दारात अडवले तेच पदार्थ मागच्या दाराने आत येतात, आणि उपाशीपोटी, वैतागलेल्या मनाने खाल्ले जात असल्यामुळे प्रमाणाबाहेर खाल्ले जातात. म्हणून माझे म्हणणे असे आहे की, हे पदार्थ तक्त्यातच बसवावेत. मात्र ते बसवताना प्रत्येक पदार्थातले समाधान नेमके कशातून येते हे आधी ओळखावे, तेवढे जपावे आणि काटछाट इतर ठिकाणी करावी.

महाराष्ट्रात सध्या तक्त्यांचा तुटवडा नाही. कोणी डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीप्रमाणे दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवते, कोणी आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचे ऐकून घरचा भात आणि तूप निर्धास्तपणे खाते, तर कोणी दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे खाते. यांतले बरोबर कोणते हा निवाडा करायला मी आलेले नाही. पद्धत कोणतीही असली तरी ताटात पडणारा पदार्थ स्वयंपाकघरातूनच येतो, आणि तेथील कौशल्य प्रत्येक तक्त्याला उपयोगी पडते.

थोडा हिशेब आवश्यक आहे. एक ग्रॅम पिष्टापासून किंवा प्रथिनांपासून सुमारे ४ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम स्निग्धापासून ९. चहाचा सपाट चमचा म्हणजे ५ मिलिलिटर तेल धरले तर त्यातून ४० कॅलरी येतात. मोठ्या, १५ मिलिलिटरच्या चमच्यातून १२०. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरींच्या दिवसाचे जे नमुना ताट सुचवले आहे, त्यात तेल-तुपासाठी २७ ग्रॅम राखले आहेत. चार प्रौढ माणसांच्या घराला हे महिन्याला साधारण साडेतीन लिटर होते, आणि त्यात तूप-लोणीही आले. ज्या घरात पाच लिटरचा डबा महिनाभर पुरत नाही आणि तुपाची बरणी वेगळी, त्या घराला नव्या तक्त्याच्या आधी एका मापाच्या चमच्याची गरज आहे. डब्यातून थेट कढईत तेल ओतणाऱ्याला आपण किती ओतले हे कधीच कळत नाही.

आता फोडणी. वजन कमी करायचे ठरले की पहिली कुऱ्हाड हिच्यावर पडते, आणि माझ्या मते ती चुकीच्या जागी पडते. हिंग, मोहरी, जिरे, कढीपत्ता यांतील सुगंधी द्रव्ये बहुतांशी तेलात विरघळणारी असतात. पाण्यात उकळून ती तशी उतरत नाहीत. त्यामुळे बिनफोडणीची आमटी आरोग्यदायी असली तरी तोंडाला मिळमिळीत लागते आणि जेवणारा लोणच्याची बरणी जवळ ओढतो. प्रश्न फोडणी असण्याचा नाही, ती किती मोठ्या भांड्यात आणि केव्हा केली याचा आहे. रुंद कढईत तळ झाकण्यापुरते म्हणून तीन-चार चमचे तेल सहज जाते. तेच काम लहान, खोलगट लोखंडी पळीत एका चमच्यात होते, कारण तेल एका जागी साठते, मोहरी त्यात बुडते आणि नीट तडतडते. ही फोडणी शिजलेल्या पदार्थावर शेवटी ओतून लगेच झाकण ठेवावे. सुरुवातीला घातलेल्या फोडणीचा बराच वास पुढच्या पंधरा-वीस मिनिटांच्या उकळीबरोबर उडून जातो. शेवटी घातलेली फोडणी ताटापर्यंत पोहोचते. निम्म्याहून कमी तेलात अधिक खमंगपणा मिळवण्याचा याहून सोपा मार्ग मला ठाऊक नाही.

वरण-भातात समाधान तीन गोष्टींचे असते: ऊन भाताचा मऊपणा, तुपाचा वास आणि हिंग-गुळाने आलेली वरणाची गोडसर चव. तूप काढले तर वरण-भात उरत नाही, म्हणून चहाचा एक चमचा तूप, म्हणजे सुमारे ४० कॅलरी, मोजून पण अवश्य घ्यावे, आणि तेही वाढल्यावर वरून, जेणेकरून पहिल्या घासालाच ते जाणवेल. काटछाट भाताच्या ढिगात करावी. आपल्याकडे दोन वाट्या भातावर वाटीभर पातळ वरण घेण्याची रीत आहे. ती उलटवून एक वाटी भात आणि दीड वाटी घट्ट वरण असे प्रमाण ठेवले, तर पोट तितकेच भरते आणि प्रथिने वाढतात. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन हा प्रथिनांचा एक आवश्यक घटक कमी असतो आणि डाळीत मेथिओनिन हा दुसरा. दोन्ही एकत्र आली की एकमेकांची उणीव भरून काढतात, परंतु त्यासाठी डाळ नावापुरती असून चालत नाही. वरणात उकडून घोटलेला दुधी किंवा लाल भोपळा मिसळला तर दाटपणा वाढतो आणि चवीत फारसा फरक पडत नाही. गुरगुट्या भात आवडणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: जास्त पाण्यात तेवढ्याच तांदळाचा भात अधिक होतो खरा, पण फार मऊ शिजलेला भात रक्तातील साखर लवकर चढवतो. मधुमेह असलेल्यांनी त्यात मुगाची डाळ आणि भाजी भरपूर घालून खिचडीच करावी, हे बरे.

पिठल्याबद्दल मला फारसे सांगायचे नाही, कारण ते मुळातच पथ्याचे अन्न आहे. माणशी ३० ग्रॅम बेसनात सहा-सात ग्रॅम प्रथिने मिळतात. ताकातले पिठले केले तर आंबटपणामुळे तेलाची उणीव जाणवत नाही, आणि कोकणातले कुळथाचे पिठले तर एका चमच्याच्या लसूण-फोडणीवर उत्तम होते. बिघाड होतो तो पिठल्यामुळे नव्हे, तर सोबतच्या तिसऱ्या भाकरीमुळे आणि तेलात भिजलेल्या ठेच्यामुळे.

मिसळ मात्र विचार करायला लावते. मोडाची मटकी हा तिचा पाया निर्दोष आहे. जड आहे ते त्यावरचे. कटाला दाटपणा देणाऱ्या सुक्या खोबऱ्यात जवळजवळ दोनतृतीयांश स्निग्धच असते, त्यावर तर्री, आणि त्यावर फरसाणाचा डोंगर. कटातील खोबरे निम्मे करावे आणि ती जागा जाळावर काळा पडेपर्यंत भाजलेल्या कांद्याने व चमचाभर पंढरपुरी डाळ्याच्या पुडीने भरावी; भाजल्याचा धुरकट स्वाद येतो आणि रस्सा मिळूनही येतो. तर्रीवाचून मिसळ मिसळ वाटत नाही, हे मान्य. पण तिच्यासाठी पळीभर तेल लागत नाही. चहाच्या एका चमच्याइतके तेल तापवून गॅस बंद करावा, किंचित निवल्यावर त्यात ब्याडगी मिरचीचे तिखट घालावे आणि वाटीत वाढलेल्या रश्श्यावर ते सोडावे. मिरचीचा रंग तेलात विरघळणारा असल्यामुळे एवढ्या तेलावरही लाल तवंग दिसतो. फरसाण अर्धी मूठ, तेही अगदी खाताना, कारण त्याचे काम कुरकुरीतपणाचे आहे आणि भिजलेल्या फरसाणातून फक्त कॅलरी उरतात.

तळण्याविषयी एक गैरसमज दूर करते असे नव्हे, पण थोडे सविस्तर सांगते. वडा तेलात असतो तेव्हा त्यातील पाणी वाफ होऊन जोराने बाहेर पडत असते आणि तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव मिळत नाही. वडा बाहेर काढल्यावर आतील वाफेचा दाब उतरतो आणि पृष्ठभागाला चिकटलेले तेल आत ओढले जाते. म्हणून झाऱ्यावर पहिले काही क्षण नीट निथळणे महत्त्वाचे. तेल पुरेसे तापलेले नसेल तर कवच उशिरा धरते, आणि पिठात सोडा जास्त असेल तर ते जाळीदार होऊन अधिक तेल पिते. एवढे सांभाळून महिन्यातून एखादा खरा वडा खाल्ला तर कोणताही तक्ता कोसळत नाही. ज्यांना तो वरचेवर हवा आहे त्यांनी आप्पेपात्र वापरावे. एअर फ्रायरमध्ये बेसनाचे ओले पीठ कवच धरण्याआधीच ओघळून जाळीतून खाली जाते आणि उरतो तो बटाट्याचा कोरडा गोळा; आप्पेपात्रात प्रत्येक खळग्यात अर्धा चमचा तेल सोडून, पीठ नेहमीपेक्षा दाट ठेवून, लहान वडे दोन्ही बाजूंनी खरपूस होतात. त्यांना तळलेल्या वड्याची सर येते असे मी म्हणणार नाही. लसणीच्या कोरड्या चटणीबरोबर ते चांगले लागतात, एवढे निश्चित. कोथिंबीर वडी आणि अळूवडीत तर हा झगडाही नको, कारण वाफवल्यावर त्या शिजलेल्याच असतात. तव्यावर थोड्या तेलात परतणे पुरते.

भरल्या वांग्यांत तेलाची खरी चोरी वांगेच करते. त्याचा गर हवेच्या पोकळ्यांनी भरलेला असतो आणि स्पंजासारखे तेल शोषतो. चिरा दिलेली वांगी आधी मीठ लावून ठेवली किंवा पाच मिनिटे वाफवली की त्या पोकळ्या मिटतात, आणि मग दाण्याचा कूट, तीळ व गोडा मसाला भरून दोन चमचे तेलात चार माणसांची भाजी होते. कुटातले आणि तिळातले तेल शिजताना सुटतेच.

साबुदाण्याच्या खिचडीचा उल्लेख केल्यावाचून कोणी मला घरी जाऊ देणार नाही. सगळा दोष साबुदाण्याला दिला जातो, म्हणून आकडेच पाहू. एका भरल्या ताटलीत ५० ग्रॅम कोरडा साबुदाणा धरला तर १७५ कॅलरी, २५ ग्रॅम दाण्याचा कूट १४०, मोठा चमचाभर तूप १२०, थोडा बटाटा ४०, बेरीज पावणेपाचशे. अर्ध्याहून अधिक कॅलरी कूट आणि तूप देतात. तरीही कूट एका मर्यादेपलीकडे कमी करू नये, कारण पदार्थात जी काही प्रथिने आहेत ती त्याच्यामुळेच, शिवाय साबुदाण्याचे दाणे मोकळे राहतात ते कूट त्यांच्याभोवती चिकटतो म्हणून. साबुदाणा ३५ ग्रॅम, कूट २० ग्रॅम, बटाटा वगळलेला, कूट-मीठ-साखर आधीच भिजल्या साबुदाण्याला चोळलेले, तूप चहाचा एक चमचा आणि मंद आचेवर झाकण, अशी खिचडी २८० कॅलरींच्या आसपास येते. सोबत काकडीची कोशिंबीर आणि ताक असावे. साबुदाण्याऐवजी भगर घालून तिला खिचडी म्हणण्याचा प्रयोग मला पटत नाही. भगर स्वतःच्या नावाने, दाण्याच्या आमटीबरोबर खावी, ती त्या रूपात उत्तम लागते.

गोडाच्या बाबतीत तडजोडीला जागा कमी आहे. साखरेऐवजी गूळ घातला की पदार्थ हलका झाला, ही समजूत सोडून द्यावी, कारण वजनी कॅलरींच्या दृष्टीने दोघांत नगण्य फरक आहे. श्रीखंडात मात्र वाव आहे. फुलक्रीम दुधात ६ टक्के स्निग्ध असते, टोन्ड दुधात ३. टोन्ड दुधाचे, फार आंबट न होऊ दिलेले दही टांगून चक्का केला आणि साखर चक्क्याच्या वजनाइतकी न घालता निम्मी घातली, तर केशर, वेलदोडा आणि जायफळ बाकीचे सांभाळून घेतात. दही आंबट असेल तर हा बेत फसतो, कारण मग साखर वाढवावीच लागते. पुरणपोळीला मी हात लावत नाही. ती एक खावी, कटाच्या आमटीबरोबर जेवण म्हणून खावी, आणि त्या वेळी भात घेऊ नये.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधे घेणाऱ्यांनी पिष्टाचे प्रमाण असे बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलावे, कारण औषधाची मात्रा जुन्या जेवणाला धरून ठरलेली असते.

शेवटचा मुद्दा सगळ्यांत व्यवहाराचा आहे. घरात एकच माणूस पथ्यावर असतो; मुले वाढत्या वयाची असतात, आजी-आजोबांची भूक मुळात कमी असते आणि त्यांना वरचे चमचाभर तूप हवेच असते. अशा घरात दोन स्वयंपाक करणारी बाई पंधरा दिवसांत थकते, आणि पथ्यावरचा माणूस वेगळ्या डब्यातले एकट्याने खाऊन कंटाळतो. त्यापेक्षा वरण, उसळ, पिठले सगळ्यांसाठी एकाच भांड्यात, जवळजवळ बिनतेलाचे शिजवावे आणि वेगळेपण शेवटच्या टप्प्यावर आणावे. फोडणी लहान वाटीत करून पानाशेजारी ठेवावी, तुपाचे भांडे आणि फरसाणही तसेच. मुलाने दोन चमचे घ्यावे, आजोबांनी हवे तेवढे घ्यावे, पथ्यावरच्याने आपला एक चमचा मोजून घ्यावा आणि सगळ्यांबरोबर त्याच पंगतीत जेवावे.